जोडाऱ्याची अकरा यंत्रे

४ मार्च

प्रिय भिंगरी,

या पत्राने आणि यापुढील पत्रांनी मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: तुझ्या वडिलांनी, म्हणजे बाळने, जोडलेला एकही कॉम्प्युटर वजनावर विकण्याच्या लायकीचा नाही. पत्रच लिहिते आहे, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मग नेमके काय ठरले याबद्दल दोन मते होतात.

काल भंगारवाला आला. ‘तुमच्या भाचीनं पाठवलंय, वरची खोली रिकामी करायची म्हणाली,’ असे त्याने सांगितले. मी त्याला वर नेले. त्याने फळीवरचे एक यंत्र उचलले, कलिंगड जोखावे तसे हातात जोखले आणि म्हणाला, ‘आजी, पत्रा जड आहे, भाव चांगला येईल.’ मी त्याला जिना दाखवला. चढायचा नव्हे.

बाळच्या दुकानाची ही भाड्याची खोली ३१ मे रोजी मालकाच्या ताब्यात द्यायची आहे, हे मी नाकारत नाही. खोलीत अकरा कॉम्प्युटर आहेत, हेही तुला ठाऊक आहे. पण ते काय आहेत हे तू विसरलीस. बाळने तीस वर्षे गिऱ्हाइकाच्या अंगमापाने यंत्रे जोडली, म्हणून तर सारे त्याला जोडारी म्हणत. गिऱ्हाइकाने नवे घेतले की जुने तो परत घेई, पुसून, सुधारून फळीवर ठेवी. प्रत्येक कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कार्ड चिकटवलेले असे: यंत्र कोणासाठी आणि त्या माणसाची सवय काय. ‘बाई उभ्याने काम करतात, बटण वर.’ ‘यांचा स्वतःचा आवाज मोठा, यंत्राचा नको.’ असा माल किलोने जात नाही.

मी एकेक यंत्र तपासून, त्याचे खरे वर्णन लिहून इंटरनेटवरच्या लिलावात मांडणार आहे. छत्तीस वर्षे मी तर्कशास्त्र शिकवले, आणि निवृत्तीनंतर बाळच्या शेजारी बसून यंत्र उघडायला व पुसायला शिकले. एवढी सामग्री पुरेशी आहे.

एक सूचना. बाळला यातले काही विचारू नकोस. पक्षाघाताच्या झटक्याने ज्याचा उजवा हात गेला, त्याला हत्यारांबद्दल विचारणे हा क्रूरपणा होईल. जे करायचे ते मी करीन.

तुझी,
आत्या


९ मार्च

आत्याबाई,

पत्र मिळालं. दोन मतं होतात म्हणे! आपल्यात एकच मत असतं, तुझं. दुसरं मी ऐकून घेते.

तुझा लिलाव उघडून पाहिला. हसू की रडू कळेना. ‘पंखा सकाळची पहिली तीन मिनिटे कुरकुरतो, नंतर थांबतो.’ ‘डाव्या बाजूस नखाएवढा ओरखडा, कारण अज्ञात.’ ‘मागील मालक जेवताना काम करीत असे; कीबोर्ड सोबत देत नाही, मागू नये.’ अगं, घर विकताना गळकं छप्पर कुणी आधी दाखवतं का? लोक लिहितात, ‘नव्यासारखा, अगदी कमी वापरलेला.’ तू तर यंत्राचा पोस्टमॉर्टम रिपोर्ट छापलायस. वॉर्डातल्या दोघी नर्सना वाचून दाखवला. एक म्हणाली, ‘तुझ्या आत्यानं नर्स व्हायला हवं होतं, पेशंट घाबरून बरे झाले असते.’

माझं गणित साधं आहे. मे संपेपर्यंत खोली रिकामी. भंगारवाला एका फेरीत नेतो. तुझ्या पद्धतीनं किती जातील? दोन? तीन? उरलेले मी माझ्या दोन खोल्यांत कुठे ठेवू? बाबांच्या पलंगाखाली?

बाबा बरे आहेत. खिडकीशी बसतात. फारसं बोलत नाहीत. तू सांगितलंस तसं काही विचारत नाही.

तुझी,
भिंगरी


२७ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझ्या गणिताचे उत्तर: चार गेले.

तू म्हणतेस, दोष आधी सांगितले की गिऱ्हाईक पळते. अनुभव उलट आहे. सांगितलेल्या दोषाला कुंपण असते. तो तीन मिनिटांचा असतो, नखाएवढा असतो. न सांगितलेला दोष गिऱ्हाईक मनात हवा तेवढा वाढवते. कुरकुरणाऱ्या पंख्यासाठी तीन माणसे शेवटच्या पाच मिनिटांत भांडत होती. ज्याने जिंकला त्याने पोच पाठवली, ‘पंखा खरंच तीन मिनिटं कुरकुरतो, घड्याळ लावून पाहिलं. बाई, तुम्ही सांगाल ते मी विकत घेईन.’ त्याला मी उत्तर दिले, की मी सांगेन ते विकत घेणे ही वाईट सवय आहे, प्रत्येक वेळी घड्याळ लावावे.

आता सातवे यंत्र मांडले आहे. फळीवरचे सर्वांत मोठे. नकाशे काढणाऱ्या एका डावखुऱ्या बाईसाठी बाळने ते जोडले होते. तारा जोडायची सगळी भोके आणि बटणे त्याने डाव्या अंगाला आणली, त्यासाठी पत्रा स्वतः कापला. कार्डावर लिहिले आहे, ‘डावखुऱ्या. यांना कोणी विचारत नाही. आपण विचारावे.’

लिलावात ‘दुहेरी टाका’ या नावाने एकाने विचारणा केली, ‘मूळ कुणाच्या मापाचं आहे?’ तो शिंपी आहे, कॉम्प्युटरवर भरतकामाचे नमुने काढतो. कारण विचारले तर म्हणाला, ‘दुसऱ्याचा कोट उसवण्याआधी तो कुणासाठी शिवला होता हे विचारावं लागतं. नाहीतर खांदा कधीच बसत नाही.’ मी त्याला कार्डाचा फोटो पाठवला. तोही डावखुरा निघाला.

एक कोडे. अकराव्या यंत्राचे कार्ड कोरे आहे. यंत्र मात्र पूर्ण आहे, आणि बाकीच्या दहांपेक्षा अधिक निगुतीने जोडलेले. ‘मूळ मालक अज्ञात’ असे लिहून तेही मांडते आहे.

तुझी,
आत्या


२ एप्रिल

आत्या,

चार! बरं, टोपी काढली. पदरात पाडून घे, रोज काढत नाही.

भंगारवाल्याला ‘थांब’ सांगितलंय. तो म्हणाला, ‘त्या आजी असतील तर मी तसाही येत नव्हतो.’

एक सांगायचं होतं. ते सातवं मोठं पाठवशील तेव्हा आतला कूलर काढून वेगळा गुंडाळ. प्रोसेसरवर बसवलेला तो धातूचा ठोकळा किलोभर आहे, आणि त्याच्या चार कोपऱ्यांच्या खुंट्या प्लास्टिकच्या आहेत. खोलीत उभा असतो तेव्हा धरून राहतो. पेटी आडवी पडली, आपटली, तर सुटेल आणि शेजारचं सगळं घेऊन पडेल. ग्राफिक्स कार्डही काढायला हवं. रिकामी जागा कागदानं गच्च भर.

विसरू नकोस हं. खरंच.

बाबा ठीक. परवा मी तुझं पत्र वाचताना हसत होते, तर म्हणाले, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’

भिंगरी


६ एप्रिल

प्रिय भिंगरी,

सातवे शिंप्याने घेतले. काल कुरिअरने रवाना केले.

तुझी सूचना विचारात घेतली आणि नाकारली. कारणे देते. हे यंत्र माझ्यासमोर बहात्तर तास अखंड चालले. म्हणजे जसे जोडलेले आहे, तसे ते चांगले आहे, हे सिद्ध झाले. आता कूलर काढला, तर जे सिद्ध झाले ते यंत्र उरत नाही. दुसरेच, न तपासलेले यंत्र मी पाठवते, आणि ते पुन्हा जोडण्याचे काम एका शिंप्याच्या गळ्यात घालते. तपासले तेच पाठवावे, हा प्रामाणिकपणाचा पहिला नियम आहे. बाहेरून थर्माकोलची जाड पेटी केली. चारही बाजूंना ‘ही बाजू वर’ असे ठळक लिहिले.

शिवाय, रागावू नकोस, पण तू थर्मामीटरपलीकडे कुठलेही यंत्र उघडलेले नाहीस. प्लास्टिकच्या खुंट्या वगैरे तू कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलेले दिसते. ऐकीव ज्ञान आणि अनुभव यांत मला निवड करायची होती. मी केली.

तुझी,
आत्या


२९ एप्रिल

आत्या,

तीन आठवडे पत्र नाही. ‘पत्राने दोन मते होत नाहीत’ म्हणणारी बाई गप्प बसली की मला धडकी भरते. म्हणून लिलाव उघडला.

तुझ्या नावापुढे लाल खूण आहे. खाली लिहिलंय, ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नसल्याची तक्रार. विक्रेत्याने जबाबदारी नाकारली.’ आठवं, नववं, दहावं तसंच पडून आहे, एकही बोली नाही. फक्त त्या कोऱ्या कार्डाच्या अकराव्याला कुणीतरी एक बोली लावलीय.

कधी सांगणार होतीस? सातवंच ना? शिंपीच ना?

आत्या, त्याचे पैसे परत कर, यंत्र मागव आणि मोकळी हो. हात जोडते. दुकानदार रोज करतात हे, कुणाचं नाक कापलं जात नाही.

भिंगरी


३ मे

प्रिय भिंगरी,

लपवले, हे खरे. निकाल लागल्यावर सांगावे असा विचार होता.

शिंप्याचे पत्र जसेच्या तसे उतरवते. ‘बाई, तुम्ही वर्णनात लिहिलेला प्रत्येक दोष सापडला. न लिहिलेला एक सापडला, यंत्र चालू होत नाही. पेटी हलवली की आत कुणी खुळखुळा वाजवल्यासारखं होतं. झाकण उघडायला धीर होत नाही. काय करायचं ते कळवा. खाली फोन नंबर देतोय.’ नंबर तुझ्या माहितीसाठी पाठीमागे लिहिला आहे.

मी त्याला कळवले, की यंत्र येथून निघाले तेव्हा चालत होते, याचे फोटो व तासांची नोंद माझ्याजवळ आहे. त्यानंतर त्याने संकेतस्थळाकडे तक्रार केली. संकेतस्थळ म्हणते, वस्तू वर्णनाप्रमाणे नव्हती असे १५ मेपर्यंत मान्य करा आणि परत घ्या, अन्यथा खाते बंद.

मी मान्य करणार नाही. पैशांचा प्रश्न नाही. त्याला पैसे आजही देईन. पण ‘वर्णनाप्रमाणे नव्हती’ या वाक्याखाली सही करणे म्हणजे बाळच्या यंत्राबद्दल खोटे बोलणे. यंत्र बहात्तर तास चालले. मी ते तसेच पाठवले. म्हणून यंत्र चांगले होते. या तीनपैकी कुठले वाक्य चुकीचे आहे ते मला कोणीतरी दाखवावे. दाखवले तर मी सही करीन. तोवर खाते बंद करायचे असेल तर खुशाल करावे.

उरलेली चार यंत्रे माझ्या पुढच्या खोलीत ठेवीन आणि मी पलंगावरून त्यांच्यावरून उडी मारून उतरेन. वजनावर जाणार नाहीत.

तुझी,
आत्या


१० मे

आत्या,

आता ऐक. मध्ये बोलणार नाही आणि तुलाही बोलू देणार नाही. पत्राचा हा फायदा मला आजच कळला.

कूलर काढ, हे मी सांगितलं नव्हतं. मला कूलर म्हणजे पाण्याचा वाटायचा. बाबांनी सांगितलं होतं. मार्चपासून तुझं प्रत्येक पत्र ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतात. ‘कलिंगड’ दोनदा वाचायला लावलं. सातवं निघणार म्हटल्यावर ताडकन उठून बसले आणि एकेक शब्द मला लिहून घ्यायला लावला. वर दम दिला, ‘माझं नाव घेऊ नकोस. ताईला कळलं मला अजून याचं पडलंय, तर ती मलाच कामाला लावेल.’

तू ‘थर्मामीटरपलीकडे’ लिहिलंस ते वाचताना मला राग आला. ते मात्र भिंतीकडे तोंड करून झोपले आणि दोन दिवस वर्तमानपत्रही मागितलं नाही.

मागच्या पत्रातलं तुझं ‘मला कोणीतरी दाखवावे’ वाचलं आणि त्यांनी कागद मागितला. सोबत आहे. डाव्या हातानं लिहिलंय, तीन दिवस लागले. अक्षरावर काही बोललीस तर बघ.

भिंगरी


१० मे

ताई,

अक्षर वाकडं आहे. वाच.

भंगारवाल्याला मीच बोलावलं होतं. भिंगरीवर चिडू नको. हात गेला तेव्हा म्हटलं, जोडणारा गेला तर जोडलेलं कशाला ठेवायचं. तिनं तुला सांगितलं नाही कारण मी सांगू दिलं नाही. तूही मला विचारलं नाहीस. मला वाटलं, जोडणारा गेला हे तुलाही पटलं असेल.

तुझी तीन वाक्यं बघितली. तिन्ही बरोबर आहेत. तुझ्या खोलीत. दोन आणि तीनच्या मध्ये एक रस्ता आहे, त्यावर खड्डे आहेत, आणि ‘ही बाजू वर’ वाचायला ट्रकला डोळे नसतात. सोपं होतं. कुठल्याही हमालानं सांगितलं असतं.

शिंप्याला मी फोन केला. दीड तास. तो उघडत गेला, मी सांगत गेलो. चारही खुंट्या तुटल्या होत्या, ठोकळा ग्राफिक्स कार्डावर बसला होता. मदरबोर्ड शाबूत. त्यानं नव्या खुंट्या आणल्या, लोखंडी. रॅमची एक खाच फुटलीय, दुसरीत घातली. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लाव म्हटलं तर विचारतो, ‘काजाच्या कडेला डिंक लावतात तेवढी?’ मी म्हटलं, ‘तेवढीच.’ सुईत दोरा ओवणारे हात आहेत, माझ्यापेक्षा हलके. यंत्र चालू झालं. पैसे परत नकोत म्हणतो. म्हणतो, ‘कापड फाटलं नव्हतं, शिवण उसवली होती.’ तक्रार मागे घेतोय.

तू लिहिलेलं वर्णन त्यानं मला वाचून दाखवलं. बरं लिहितेस.

आता अकरावं लिलावातून काढ. ते तुझं आहे. तुझ्यासाठीच जोडत होतो. कार्ड कोरं राहिलं कारण सवय काय लिहावी सुचेना. ‘हिला कुणी काही सांगू शकत नाही’ हे लिहिणार होतो, पण मग विचार केला, तू ते वाचून खोडशील. तेवढ्यात हात गेला.

बाळ


२२ मे

प्रिय बाळ,

तुझे पत्र तेरा तारखेला मिळाले. अक्षराबद्दल काही बोलत नाही. वाचता आले, एवढेच नोंदवते.

चौदा तारखेला मी संकेतस्थळाला लिहिले: वर्णन खरे होते, यंत्र खरे होते, बांधणी चुकीची होती आणि ती माझी होती. ‘वर्णनाप्रमाणे नव्हती’ या वाक्याखाली सही केलेली नाही, करणारही नाही. शिंप्याने तक्रार मागे घेतली आणि लाल खूण गेली. आठ, नऊ आणि दहा या आठवड्यात गेले. तिघांचेही कूलर काढून वेगळे गुंडाळले आणि रिकाम्या जागा कागदाने गच्च भरल्या. भंगारवाला जिन्याखाली भेटला. ‘आजी, काही उरलं का?’ म्हणाला. मी म्हटले, ‘तुम्ही.’

अकरावे मी काढले नाही.

त्यावर तुझे पत्र येण्याआधीच बोली लागलेली होती. एकदा बोली लागली की वस्तू मागे घ्यायची नाही, आणि विक्रेत्याने स्वतःच्या वस्तूवर बोली लावायची नाही, हे दोन्ही नियम मान्य करून मी मार्चमध्ये लिलावात उतरले. तू म्हणशील, एक बोली रद्द केली तर कोणाचे काय बिघडते? पण मग मी लिहिलेल्या बाकीच्या शब्दांवर तरी कोणी का विश्वास ठेवावा? लिलाव काल दुपारी चार वाजता संपला. एका वाचनालयाच्या बाईंना ते मिळाले. पेटी बंद करण्यापूर्वी मी ते एकदा चालू केले. कळफलकाची उंची माझ्या दुखऱ्या मनगटाला नेमकी बसते, बटण मला चष्मा न लावताही दिसेल एवढे मोठे आहे. मी हे दोन महिने पाहत होते आणि मूळ मालक अज्ञात असे लिहीत होते.

आता माझे म्हणणे. अकरा यंत्रे होती. अकरा लिलावाने गेली, वजनावर एकही नाही. पहिल्या पत्रातले विधान सिद्ध झाले आहे, आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. फळी, स्क्रूचे डबे आणि तुझी हत्यारे मी माझ्या पुढच्या खोलीत आणली आहेत. तिथे दोन हात मोकळे आहेत, दोन्ही माझे. दीड तास फोनवर बोलून तू एका शिंप्याकडून यंत्र जोडून घेतलेस. मी त्याच्यापेक्षा जास्त वाद घालीन, पण पेस्ट कमी सांडीन. बारावे जोडायचे आहे. यायचे कधी ते तूच ठरव, मात्र या वेळी कार्ड आधी लिहायचे. त्यावर काय लिहायचे ते खाली देते. तसेच उतरव, खोडणार नाही.

कबुली.

मी अकरा यंत्रांची कसून चौकशी केली. प्रत्येकाचा पंखा ऐकला, प्रत्येकाचा ओरखडा मोजला. ज्याने ती जोडली, त्याला काही विचारू नये असे पहिल्याच दिवशी मी स्वतः ठरवले आणि त्याला दया म्हटले. हात गेला म्हणजे माणसाजवळ सांगण्यासारखे काही उरले नाही, असे मी न तपासता धरून चालले. भंगारवालाही यंत्र निदान हातात घेऊन जोखतो. मी तेवढेही केले नाही. फुटलेल्या खुंट्या, भिंगरीला लागलेला शब्द आणि गेलेले अकरावे यंत्र हे सारे त्यातूनच आले, म्हणून त्या वेगळ्या चुका धरत नाही.

चूक एकच: मी तुला विचारले नाही.

सही,
ताई